तुमच्यापासून लांब

पालघर जिल्ह्यात नळाला येणाऱ्या पाण्याला फार मान आहे. धामणीच्या धरणातून सुटलेलं सूर्या नदीचं पाणी कवडासच्या बंधाऱ्याशी येतं, तिथून उचललं जातं, गाळलं जातं, जाडजूड नळांत शिरतं आणि डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून थेट महानगरांकडे निघतं. वसई-विरारला रोज 185 दशलक्ष लिटर आणि मीरा-भाईंदरला 218 दशलक्ष लिटर, अशी त्याची वाटणी कागदावर झालेली आहे. पाणी कुणी आणलं यावर बॅनर लागतात. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर वाद होतात. नळाला पाणी येण्याची वेळ घरातल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असते, आणि ज्याला पाढे येत नाहीत त्यालासुद्धा ‘आज अर्धा तास कमी आलं’ हा हिशेब अचूक जमतो.

हेच पाणी आंघोळ, भांडी, धुणं आणि संडास असा आपल्याच घरचा प्रवास करून मोरीच्या जाळीखाली गेलं, की मात्र आपली त्याची ओळख संपली. जाताना त्याला मीटर नाही, वेळ नाही, बॅनर नाही. ‘गेलं का?’ असं आपण त्याला एकदाच विचारतो, तुंबल्यावर. आणि तेही प्लंबरला.

आकडेमोड करायची हौस असलेल्यांसाठी सांगतो. शहरात मलवाहिन्या असतील तर माणशी दररोज 135 लिटर पाणी द्यावं आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरावं, अशी सरकारी रीत आहे. 2011 च्या जनगणनेत पालघर शहराची लोकसंख्या 68,930 होती. गुणाकार केला की रोजचे 74 लाख लिटर येतात. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेसातशेच्या आसपास टँकर. रोज. आणि ही आकडेवारी पालघर तालुक्याचं गाव होतं तेव्हाची. 1 ऑगस्ट 2014 ला ते जिल्ह्याचं ठिकाण झालं. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून वकील आले, वकिलांमागून झेरॉक्सवाले आले, आणि या सगळ्यांना स्वतंत्र संडास-बाथरूम लागतात.

हे 74 लाख लिटर जातं कुठं, हा प्रश्न मी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर टाकून पाहिला. टपरीवर जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मिळतं, फक्त ते एकाच माणसाकडून मिळत नाही.

“गटारात.”

“आणि गटार?”

“नाल्यात.”

“नाला?”

“पाणेरी नदीत.”

“पाणेरी?”

“आपल्या माहीमच्या अंगानं समुद्राला.”

“मग पुढं?”

“पुढं काय? समुद्र मोठा आहे ना!”

एवढं बोलून त्या गृहस्थांनी चहाचा कागदी ग्लास चुरगळून मागं टाकला. मागं गटार होतं. उत्तर प्रात्यक्षिकासह मिळालं.

बोईसरची गोष्ट आणखी पोहोचलेली. जनगणना खात्याच्या पुस्तकात बोईसर हे शहर आहे, आणि कारभाराच्या पुस्तकात वर्षानुवर्षं ग्रामपंचायत. म्हणजे माणसं मोजायला आलेला कारकून शहरात येतो आणि गटार साफ करायला निघालेला माणूस गावात पोचतो. कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथं आली, सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, मॉल आले, पण इमारतींखालचं पाणी अजून सरपंचाच्या राज्यात. सात मजल्यांचं सांडपाणी ग्रामसभेत मांडायचं म्हणजे अवघडच. ग्रामसभेला कोरम नसतो आणि सांडपाण्याला खंड नसतो.

मधल्या काळाची सोय म्हणून आपल्याकडे सेप्टिक टँक आहे. सेप्टिक टँक ही वस्तू कमी आणि श्रद्धा जास्त आहे. ती इमारतीखाली कुठं आहे हे बिल्डरला माहीत असतं, आणि बिल्डर कुठं आहे हे कुणालाच माहीत नसतं. शास्त्र असं सांगतं की टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जिरतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. आपला अनुभव असा सांगतो की टाकी भरतच नाही. वीस वर्षं उपसली नाही, तरी काही झालं नाही, असं अभिमानानं सांगणारे चेअरमन मी पाहिले आहेत. न भरणारी टाकी ही चमत्काराची नव्हे, गळतीची खूण आहे, हे त्यांना कोण सांगणार? शेजारच्या बोअरवेलचं पाणी सांगतं, पण त्याचं कोण ऐकतो?

आणि एक दिवस ती भरते. नेमकी पाहुणे आलेल्या दिवशी भरते. मग भिंतीवर, विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर लाल रंगात रंगवलेला मोबाईल नंबर शोधायचा. एरवी हे नंबर आपल्या नजरेला दिसत नाहीत. गरज पडली की गावभर दुसरं काही दिसत नाही. तासाभरात सक्शनची गाडी दारात. आमच्या गल्लीचं रुंदीकरण कागदावर झालेलं असल्यामुळे नेमका त्याच वेळी पिण्याच्या पाण्याचा टँकर समोरून येतो आणि दोघंही गेटशी नाकाला नाक लावून उभे राहतात. एक आणायला आलेला, एक न्यायला आलेला. दोन्ही टाक्या गोल, दोन्हीला मागं जाड पाईप. वॉचमन दोघांना वेगवेगळ्या झाकणांकडे हात करून वाट दाखवत असतो, तेव्हा अख्खी सोसायटी गॅलरीत येऊन श्वास रोखून त्या हाताकडे बघते.

अशाच एका गाडीच्या ड्रायव्हरला, काम उरकून तो पाईप गुंडाळत असताना मी विचारलं, “भाऊ, हे रिकामं कुठं करता?”

“लांब नेतो साहेब.”

“लांब म्हणजे कुठं?”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी पत्रकार नाही, नगरसेवक नाही, नुसताच जिज्ञासू आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, “तुमच्यापासून लांब.”

सांडपाण्याच्या व्यवस्थापनावर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. देशातल्या बहुतेक गावांचं धोरण हेच आहे, फक्त ते इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी छापत नाही.

आणि खरं सांगायचं तर या धोरणाबद्दल बोलायचा पहिला हक्क आम्हा पालघरकरांचा आहे, कारण आमचा जिल्हा स्वतःच कुणाचं तरी ‘लांब’ आहे. मुंबईतल्या म्हशींचा मुंबईला त्रास व्हायला लागला, तेव्हा तबेले हलवायला दापचरीचा दुग्धप्रकल्प निघाला. अणुवीज हवी, पण खिडकीतून दिसायला नको, म्हणून 1969 साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झालं. रसायनांचे कारखाने हवेत, वास नको, तारापूर एमआयडीसी. मोठं बंदर हवं. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवणची पायाभरणी. मुंबईकर वरळीला खिडकी उघडून ‘काय छान वारा आहे’ म्हणतो, त्या वाऱ्यामागं आम्ही आहोत. आता इतकी वर्षं दुसऱ्याचं लांब होऊन राहिलेला माणूस स्वतःसाठी एखादं लांब शोधणार नाही तर काय करणार?

एमआयडीसीला ते नवापूरला सापडलं. कारखान्यांचं सांडपाणी मात्र आमच्यापेक्षा भाग्यवान, त्याला पत्ता आहे. त्याच्यासाठी सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. जुनं 25 दशलक्ष लिटरचं, पुढं नवं 50 दशलक्ष लिटरचं. तिथून नळ नवापूरच्या किनाऱ्याकडे जातो. आधीचा नळ किनाऱ्यापासून जवळच संपायचा, म्हणून मग समुद्रात 7.1 किलोमीटर आत जाणारा नळ टाकायचं ठरलं. हेही धोरण ओळखीचं वाटलं ना? पाणी तेच, फक्त काही किलोमीटर जास्त लांब.

पण मासा नकाशा वाचत नाही. नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी या गावांच्या जाळ्यात काय येतं आणि काय यायचं थांबलं, ते तिथल्या मच्छीमारांना कुठल्याही प्रयोगशाळेआधी कळतं. त्यांच्या बाजूनं अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली हरित लवादात गेली. 2022 साली निकाल लागला, कारखान्यांवर भरपाईचा बोजा पडला, आणि प्रकरण रीतीप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाच्या दिशेनं वाहत गेलं. दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची गुणपत्रिका काढली. तारापूर 93.69 गुण मिळवून देशात पहिलं! जिल्हा झाल्यापासून चार-पाच वर्षांतच हे यश. बॅनर लावायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

2023 साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. सातपाटीत आनंद झाला. मान मिळालेल्या माशाच्या पाण्यात आपण काय सोडतो, हा प्रश्न मानपत्रात नसतो. टपरीवरच्या गृहस्थांचा मोठा समुद्र रविवारी सकाळी पिशवीतून त्यांच्याच स्वयंपाकघरात परत येतो आणि त्याला ते हळद-मीठ लावून तळतात. लांब या शब्दाला आमच्याकडे भरती-ओहोटी आहे.

आता लांब न नेता जवळच पाणी शुद्ध करायची युक्ती जगाला ठाऊक नाही असं नाही. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 साली ती मांडली. सांडपाण्यात हवा फुंकत राहायची. त्यातले जीवाणू घाण खातात, वाढतात, खाली बसतात. त्या दोघांची खरी चलाखी पुढं आहे. खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, नव्या पाण्यात पुन्हा घातला. अनुभवी गाळानं आठवड्यांचं काम तासांवर आणलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, जगभरातली बहुतेक केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात.

हे तत्त्व आमच्या भागात पोचलं ते गृहसंकुलांच्या जाहिरातींतून. मोठ्या संकुलांना पर्यावरण मंजुरी देताना स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधण्याची अट असते. जाहिरातीत ते जिम, क्लबहाऊस आणि मंदिर यांच्या खाली बारीक अक्षरात ‘एसटीपी’ म्हणून येतं. फ्लॅट बघायला आलेली मंडळी मंदिराला नमस्कार करतात, जिममधल्या सायकलवर बसून बघतात, एसटीपीकडे कुणी फिरकत नाही. अनेकांना तो कुठल्या तरी बसचा थांबा वाटतो.

मी मात्र गेलो आहे. तळघराच्या कोपऱ्यात, पार्किंगच्या मागं. आधी ब्लोअरचा आवाज येतो, मग वास, मग ऑपरेटर. गड्याची खुर्ची प्लास्टिकची, एक पाय दोरीनं बांधलेला. खिळ्याला रजिस्टर लटकवलेलं. पहिली भेट जाळीशी. लोखंडी गजांची ही जाळी पाण्याबरोबर आलेला ऐवज अडवते आणि ऑपरेटर तो दाताळ्यानं ओढून काढतो. शाम्पूच्या पुड्या, केसांचे पुंजके, डायपर, गुटख्याची रिकामी पाकिटं, निर्माल्य, एकदा तर कवळी. सोसायटीत गुटख्याला बंदी आहे, तसा ठरावच झालेला आहे. जाळीला ठराव माहीत नाहीत. माणसाची खरी ओळख त्याच्या पुस्तकांच्या कपाटातून होते म्हणतात. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी जाळी बघावी.

मग त्यानं मला खरी गंमत दाखवली. हवेच्या टाकीतून एक लिटरचं मापाचं काचेचं भांडं भरून आणलं आणि खुर्चीवर ठेवलं. पाणी चॉकलेटी, गढूळ. “अर्धा तास थांबा,” म्हणाला. आम्ही बोलत बसलो. हळूहळू चॉकलेटी ढग खाली उतरायला लागला, वर पाणी निवळत गेलं. अर्ध्या तासानं गाळ तीनशेच्या खुणेच्या जरा खाली बसला होता आणि वरून त्याच्या दोरी बांधलेल्या खुर्चीची पाठ स्वच्छ दिसत होती. “हे बघा, माल एक नंबर आहे,” तो म्हणाला आणि रजिस्टरात आकडा लिहिला. “काळा पडला की समजायचं मेले. पांढरा फेस आला की अजून कच्चे आहेत.” आकडा लिहिताना त्याच्या तोंडावर जो भाव होता, तो मी दापचरीच्या वाटेवरच्या तबेलेवाल्याच्या तोंडावर दूध मापताना पाहिला आहे.

कारण हा तबेलाच आहे. आपण त्याला प्रकल्प म्हणतो, केंद्र म्हणतो, यंत्रणा म्हणतो आणि तिथंच फसतो. इमारत एकदा बांधली की उभी राहते. जनावराला रोज घालावं लागतं. इथली जनावरं डोळ्यांना दिसत नाहीत एवढाच फरक. त्यांना रविवार नाही, दिवाळी नाही, आचारसंहिता नाही. गणपतीत अर्धं संकुल गावाला गेलं की ती उपाशी. परत येऊन सगळ्यांनी एकाच दिवशी धुणं काढलं की त्यांना अपचन. दिवाळीच्या साफसफाईत कुणा वहिनींनी बाथरूममध्ये ॲसिडची अख्खी बाटली ओतली की खाली सामूहिक हत्याकांड, आणि वर ‘किती लख्ख झाल्या बघा टाइल्स!’

तबेला नव्यानं भरायचा असला तर बघायलाच नको. मेलेलं केंद्र पुन्हा जिवंत करायला शेणाचा काला, गूळ आणि युरिया घालायची पद्धत आहे. शेणातून जीवाणू मिळतात, गुळावर ते पोसतात. हे शास्त्र वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाच्या पानावर उमटलं तेव्हाचा प्रसंग.

“गूळ वीस किलो?” एका सभासदानं चष्मा वर केला. “कसला गूळ?”

“एसटीपीचा,” खजिनदार म्हणाले.

“एसटीपी गूळ खातो?”

“सुरुवातीला खातो.”

“मग आता त्याची सवय मोडायला नको?”

“आणि हे शेण?” दुसऱ्यांनी विचारलं. “मेंटेनन्स भरतो आम्ही, त्यातून शेण घेता तुम्ही?”

एका काकांना गूळ सेंद्रिय होता का हे जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या काकूंचं म्हणणं, गूळ घेतलाच आहे तर आणण्याचं काम महिला मंडळाला द्यायला हवं होतं, दर तरी बरा मिळाला असता. पाऊण तास चर्चा झाली. क्लबहाऊसच्या रंगाचे अडीच लाख त्यानंतर दीड मिनिटात मंजूर झाले.

गुळाचं निभावलं, पण विजेचं नाही. प्रक्रिया केंद्राच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा असतो, हे कळल्यावर कमिटीतल्या एका हिशेबी सदस्यानं उपाय काढला. रात्री बारा ते सहा ब्लोअर बंद. तसंही तेव्हा बघायला कोण येतं? तबेल्यात रात्रीचा दिवा बंद करून पैसे वाचवणं वेगळं आणि म्हशींचं नाक दाबून वाचवणं वेगळं. तीन दिवसांत चॉकलेटी माल काळा पडला, आठव्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि पुढच्या सभेत पुन्हा गूळ. देशाच्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या दारात राहून जीवाणूंना हवा द्यायला आमच्याकडे वीज परवडत नाही, ही गोष्ट अणुशास्त्रज्ञांना कुणी सांगू नये.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. एप्रिल 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारमध्ये, एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 सालचा आहे. टाकीतला वायू वास देऊन सावध करतोच असं नाही. वाढला की आधी नाकाचीच संवेदना मारतो. आपण टाकीचं झाकण कधी उघडत नाही, म्हणून दुसऱ्याला ते घाईनं उघडावं लागतं. लांब ठेवण्याच्या धोरणात कुणीतरी जवळ जायचं असतं, आणि तो माणूस रोजंदारीवर असतो.

सोसायटीचं हे, तर गावाचं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2021 साली देशभराचा हिशेब मांडला. शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं. प्रक्रिया करण्याची बांधलेली क्षमता 31,841. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती 20,236 दशलक्ष लिटरवर. म्हणजे घाण बाहेर तुडुंब आणि केंद्रं आत अर्धपोटी. याला कारण आहे. केंद्राचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, फीत कापली जाते. पण घराघरातून तिथपर्यंत पाणी नेणाऱ्या भूमिगत नळाला फीत बांधायला जागाच नसते. तो रस्ता खणतो, धूळ उडवतो, दुकानदारांच्या शिव्या खातो आणि मग मातीखाली गडप होतो. शिवाय घराचा जोड नळाला द्यायचा तर पैसे कुणी भरायचे? दारातलं गटार फुकट आहे. महाराष्ट्र त्या 2021 च्या हिशेबात दोन्हीकडून पुढं होता. सांडपाणी सर्वांत जास्त, रोज 9,107 दशलक्ष लिटर, आणि क्षमताही सर्वांत जास्त, 6,890. पण ही क्षमता मोठ्या शहरांत गोळा झालेली. आमच्यासारख्यांच्या वाट्याला ‘प्रस्तावित’ हा शब्द येतो.

बाहेर सोडायच्या पाण्याची परीक्षा बीओडी नावाच्या आकड्यानं होते. पाण्यातली घाण खाताना जीवाणू किती प्राणवायू संपवतात याचं ते माप. ही चाचणी मुळात पाच दिवसांची, 20 अंशांवरची. आपण ती तीन दिवसांची, 27 अंशांवर केली. उष्ण हवेत काम लवकर होतं असा जगात एकच विभाग आहे, नासण्याचा. 2017 च्या अधिसूचनेत महानगरांसाठी मर्यादा लिटरमागं 20 मिलिग्रॅम आणि बाकीच्या गावांसाठी 30. लहान गावांना दहा गुणांची सवलत. आम्ही तीही न वापरता परीक्षेलाच बसत नाही.

केंद्र बांधायला जागा कुठली, हा तर स्वतंत्र विनोद. केंद्र हवं याबद्दल गावात एकमत असतं आणि ते गावाच्या दुसऱ्या टोकाला हवं याबद्दल दोन्ही टोकांचं एकमत असतं. पूर्वेचे म्हणतात पश्चिमेला उतार आहे, पाणी आपोआप जाईल. पश्चिमेचे म्हणतात पूर्वेला जागा मोकळी आहे. मधे रेल्वे, आणि रेल्वेची परवानगी म्हणजे पुढच्या पिढीचा विषय. वेशीबाहेर न्यावं तर आमच्या वेशीबाहेर लगेच दुसऱ्याची वेस. पालघर संपायच्या आत माहीम आणि शिरगाव सुरू होतात, बोईसर संपायच्या आत सरावली. इतकी माणसं झाली की ‘लांब’ ठेवायला जागाच उरली नाही, हे गावाला पटायला अजून वेळ आहे.

आणि तरीही सांडपाण्याची सोय होऊ शकते. साताऱ्यातल्या वाईनं 2018 पासून, पाठोपाठ नाशिककडच्या सिन्नरनं, साधी गोष्ट केली. भूमिगत गटारांची वाट न बघता सेप्टिक टँक वेळापत्रकानं उपसायला घेतले. वॉर्ड ठरलेला, दर तीन वर्षांनी घराची पाळी, खर्च करातून, आणि गाळ न्यायला गावाचं स्वतःचं छोटं केंद्र, वाईचं रोज 70 हजार लिटरचं. तक्रार करण्याआधी गाडी दारात. न बोलावता येणारी सरकारी माणसं आपण फक्त वसुलीची पाहिलेली असल्यामुळे सुरुवातीला लोकांना संशय येणं साहजिक होतं. वाई म्हणजे काही महानगर नव्हे. तिथं जे जमलं त्याला ना अणुशक्ती लागली ना बोगदा. एक यादी लागली, एक गाडी लागली आणि गाडी कुठं रिकामी होते या प्रश्नाचं खरं उत्तर लागलं.

मग आमच्याकडे का होत नाही? माझं मत असं की यामागं पैशाची नाही, तंत्राची नाही, हातात धरायच्या प्रॉप्सची अडचण आहे. पाणी आलं नाही तर हंडा मोर्चा निघतो. रिकामा हंडा डोक्यावर घेतलेली बाई हे चित्र वर्तमानपत्राला हवं असतं, साहेबांना घाबरवतं, मतं फिरवतं. रस्ता खराब असला तर खड्ड्यात झाड लावता येतं. वीज गेली तर कंदील हातात धरून वीजकंपनीच्या दारात बसता येतं. गेलेल्या पाण्यासाठी मोर्चा काढायचा तर हातात काय धरायचं? भरलेला हंडा न्यायला कुणी धजणार नाही, आणि नेलाच तर साहेब मागच्या दारानं निघून जातील. अर्थात तोही एक परिणाम म्हणायचा.

माझी सूचना साधी आहे. त्या ऑपरेटरचं एक लिटरचं काचेचं भांडं घ्यावं. ते प्रत्येकानं आपापल्या दारातल्या गटारात बुडवून भरावं आणि नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर मांडावं, आणि अर्धा तास कुणी उठायचं नाही असं ठरवावं. वॉर्डाप्रमाणे ओळ लावता येईल, पण पाण्यावरून कुठला वॉर्ड, कुठला पक्ष, कुठला मजला, काही सांगता येणार नाही. घाण पाण्याइतका सर्वपक्षीय विषय तालुक्यात दुसरा नाही. अर्ध्या तासानं जो गाळ खाली बसेल त्यावर हवं तर सभागृहात मतदान घ्यावं. बाजूनं किंवा विरोधात, कसंही. एवढंच बघायचं, की मतदान संपेपर्यंत सगळ्या खिडक्या बंद राहतील.